अकरावी ओळ

तुर्कस्तानातल्या बायबुर्त गावात मकबूलेबाईंचा चेहरा सगळ्यांना ठाऊक होता, पाठ मात्र कुणाला धड बघायला मिळाली नव्हती. कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी भिंत शोधायच्या. भिंतीला पाठ टेकली की मग सलाम, मग चहा. रस्त्यानं जाताना खांद्यावरून शाल. लग्नात बायका हात धरून गोल नाचायला लागल्या तरी ह्या खुर्चीत, आणि खुर्ची भिंतीला. नव्या माणसाला वाटायचं, बाईंची कंबर दुखत असेल. कंबर ठणठणीत होती. अंगात तपकिरी लोकरीची, क्रोशानं विणलेली, बिनबाह्यांची जाड बंडी असायची, आणि त्या बंडीच्या पाठीवर एक झाड होतं. सगळी राखण त्या झाडाची चालली होती.

आता हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्याकडच्या बायका दुसरीच्या अंगावरचं विणकाम डोळ्यांनी उचलतात. दवाखान्याच्या रांगेत पुढची उभी असली की मागचीची बोटं आपोआप हलायला लागतात, तीन साखळ्या, दोन खांब, एक घर सोडलं. घरी पोचेपर्यंत नमुना तोंडपाठ झालेला असतो. ह्याला कुणी चोरी म्हणत नाही. उलट ‘तुमच्या पाठीवरून घेतला हं’ असं सांगितलं की जिची पाठ ती खूश होते, चहाला थांबवून घेते. मकबूलेबाई तेवढ्या खूश होणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यालाही कारण होतं. झाडाचा नमुना त्यांच्या आईचा, वरच्या डोंगरातल्या गावातला. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं रोटीवर हात ठेवायला लावून शपथ घेतली होती, की हे झाड हातानं शिकवायचं ते फक्त लेकीला. मकबूलेबाईंना तीन मुलगे झाले. तिसरा झाला तेव्हा सुईण म्हणे पेढ्याची वाट बघत उभी, आणि ह्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

“लेकीला द्यायचं असतं हे. मला लेक नाही. विषय संपला,” असं त्या विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या.

हा ‘विषय संपला’ नेफिसेनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या हातात चहाचं तबक होतं आणि लग्नाला चार महिने झाले होते. घरात दहा-बारा बायका बसलेल्या. त्यातल्या एकीनं गमतीत म्हटलं, “अहो, सून आली की आता! तिला द्या.” मकबूलेबाईंनी खडीसाखर दाताखाली फोडली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. नेफिसेनं तबक फिरवलं, एक पेलाही हिंदकळू दिला नाही. मात्र त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं की ह्या बाईच्या पाठीकडे आपण बघायचंच नाही. मोजायचं तर नाहीच नाही. नेफिसे तशी गरीब स्वभावाची, पण तिचा मान मोठा नाजूक होता.

त्या काळी मंगळवार हमामात, गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांचा असायचा. घराघरांत गरम पाणी आलेलं नव्हतं. बाहेरच्या थंड दालनात भिंतभर खुंट्या, तिथं कपडे काढायचे, लुंगी गुंडाळायची आणि आतल्या गरम दालनात जायचं. सासूचे कपडे सांभाळणं हे नव्या सुनेचं काम. नेफिसेला माहेरचं वळण असं, की कपडा हातात आला की त्याची घडी झालीच पाहिजे.

“घडी घालू नकोस,” मकबूलेबाई करवादायच्या. “किती वेळा सांगायचं? बंडी खुंटीला टांग. आणि पाठ भिंतीकडे का करतेस? बाहेर कर. लोकरीला वारा लागू दे.”

आणि मग त्या आत जाऊन इतका वेळ बसायच्या की बोटांच्या टोकांना मनुकांसारख्या सुरकुत्या पडायच्या. नेफिसे त्यांची पाठ घासून दमायची. “आई, पुरे आता, भोवळ येईल,” म्हटलं तर, “बस गप. अजून मळ आहे.”

लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका मंगळवारी नेफिसे विसरली. हाताला सवय, घातली घडी आणि बंडी गेली कपड्यांच्या बोचक्यात. बाहेर आल्यावर मकबूलेबाईंनी रिकामी खुंटी बघितली, आणि वीसेक बायकांसमोर ओल्या केसांनी उभ्या राहून जे सुरू केलं ते काही विचारू नका. शेवटी म्हणाल्या, “तुझ्या आईनं तुला ऐकायचं तेवढं शिकवलं नाही वाटतं!” आईचं नाव काढल्यावर नेफिसेच्या डोळ्यांत पाणी आलं. हमाममधली अंग घासणारी झेलिहा तेव्हा तिथंच टॉवेल वाटत होती. तिनं नेफिसेच्या खांद्यावर एक कोरडा टॉवेल टाकला आणि मान दुसरीकडे वळवली. नेफिसेला वाटलं, बाईला माझी दया आली.

हे शल्य नेफिसेनं चोवीस वर्षं जपलं.

पण त्याच्या शेजारी तिनं दुसरंही एक जपलं होतं. पहिलं बाळंतपण ऐन जानेवारीत झालं. तिसऱ्या दिवशी तिला अशी हुडहुडी भरली की पलंग हलायला लागला. चार रजया टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मकबूलेबाई आल्या, अंगातली बंडी काढली आणि म्हणाल्या, “घाल.”

“आई, तुम्हाला थंडी...”

“घाल म्हटलं ना. थंडीचं मी बघते.”

पाठीत ऊब शिरली तशी नेफिसे झोपली. बाळंतिणीचे चाळीस दिवस ती बंडी तिच्या अंगावर होती. ते चाळीस दिवस सासू दोन पातळ स्वेटर एकावर एक घालून शेगडीशी बसायची आणि दिवसभर शिंकायची. एक्केचाळिसाव्या दिवशी तिनं हात पुढे केला, बंडी घेतली आणि घातली. चाळीस दिवस ते झाड नेफिसेच्या स्वतःच्या पाठीवर होतं, पण स्वतःची पाठ कुणाला दिसते! त्या बंडीसाठी आभार मानायचे राहून गेले ते गेलेच. मकबूलेबाईंचे आभार मानायचे म्हणजे चालत्या घड्याळाला थांबवून वेळ विचारण्यासारखं, त्यांना तेवढी सवड नसायची.

मकबूलेबाईंच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली त्याला आता दुसरा हिवाळा. हातपाय पुन्हा चालायला लागले, बोलणंही परत आलं, पण आठवणींचा सगळा घोळ झाला. सकाळी चहा घेतला की नाही ते आठवायचं नाही, पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात पिलाफ करपला होता ते मात्र तांदळाच्या जातीसकट सांगायच्या. नेफिसेला त्या कधी ‘वहिनी’ म्हणायच्या, कधी ‘नर्सबाई’. मुलगा जेव्हात, म्हणजे नेफिसेचा नवरा, घरी आला की विचारायच्या, “हा कोण माणूस? जेवायला थांबणार आहे का?” जेव्हात हसून म्हणायचा, “थांबतो की, वाढलंत तर.” मग बाहेर जाऊन तो बराच वेळ बूट पुसत बसायचा.

बंडी तेवढी त्या विसरल्या नव्हत्या. सकाळी ती हातात घ्यायच्या, खांद्यापासून खाली पाठीवरून बोटं फिरवायच्या, मग घालायच्या, आणि एकदा घातली की उठायच्या. खिडकीपर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, परत. डॉक्टरनं नेफिसेला बजावलं होतं, “काहीही करा, पण चालत्या ठेवा. ह्या वयात अंथरूण धरलं की छाती भरते, आणि मग माझ्या हातात काही राहत नाही.”

आणि अशा वेळी नेफिसेच्या हातून बंडी जळाली.

त्यात तिची चूक म्हटली तर एवढीच, की तिनं घाई केली. लोकर धुतल्यावर टॉवेलवर आडवी पसरून तीन दिवस वाळवायची असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण सासू दर पाच मिनिटांनी “माझी बंडी?” म्हणून हाक मारत होती. म्हणून तिनं बंडी पत्र्याच्या शेगडीच्या धुराड्याभोवती जे तारेचं कडं असतं त्यावर टाकली. तेवढ्यात दारात शेजारची गुल्दाने आली. दोन शब्द बोलून जाते म्हणाली. गुल्दानेचे दोन शब्द म्हणजे अर्धा तास. आत करपट वास सुटला तेव्हा नेफिसे धावली, पण बंडी घसरून तापलेल्या पत्र्यावर पाठीवरच पडलेली होती. पुढचे दोन्ही भाग, साधे सरळ विणीचे, बटणांसकट धडधाकट होते. पाठीच्या जागी शेगडीच्या झाकणाएवढं भोक होतं. कडा हाताला लागल्या की त्यांचा भुगा होत होता.

नेफिसे ते भोक मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. डोळ्यांना ते झाड सव्वीस वर्षं दिसत होतं, बोटांना एक फांदीही येत नव्हती. तिनं मोजलंच नव्हतं ना.

जेव्हात बाजारात गेला आणि तपकिरी रंगाची एक बंडी घेऊन आला. “दुकानदार म्हणाला, अगदी घरच्यासारखी आहे.” मकबूलेबाईंनी ती हातात घेतली, पाठीवरून बोटं फिरवली आणि पलंगाखाली फेकली. “कुणा मेलेल्या माणसाची आणलीस? माझी बंडी दे, मी उठते.”

“वाळतेय, आई,” नेफिसे म्हणाली.

“अजून वाळतेय? नदीत वाळत घातलीस का?”

तिसऱ्या दिवशीही त्या उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला. डॉक्टर येऊन पाठीला नळी लावून गेले आणि जाताना नेफिसेला बाजूला घेऊन म्हणाले, “उठवा त्यांना. लवकर.”

पाचवा दिवस गुरुवार होता. गुरुवारी गुल्दानेकडे गल्लीतल्या बायका विणायला बसतात. नेफिसेनं जेव्हातला आईपाशी बसवलं, जळकी बंडी शालीआड धरली आणि गेली. सात-आठ जणी होत्या. सत्तरी ओलांडलेली झेलिहा मावशी शेगडीजवळच्या गादीवर, मांडीवर नातवाचा मोजा. नेफिसेनं काही न बोलता बंडी मधोमध पसरली.

“या अल्ला!” गुल्दानेनं तोंडावर हात घेतला. “मी बोलत बसले होते त्या दिवशी?”

“तुमचा काही दोष नाही, ताई. माझ्याच हातून झालं.” मग नेफिसेला रडू फुटलं. आवरलं तिनं, पण थोडं बाहेर पडलंच. “त्या उठत नाहीत. छाती भरायला लागलीय. मला हीच पाठ विणायला हवी, दुसरी त्यांना चालत नाही. तुमच्यापैकी कुणी... चुकून कधी... ते झाड नीट बघितलं होतं का हो?”

सगळ्यांच्या सुया थांबल्या. एक चहाच्या पेल्यात बघायला लागली, एकीला अचानक गालिच्यावरचा धागा उचलावासा वाटला. गुल्दाने, जिला झोपेत सुद्धा कुणी गप्प बघितलं नव्हतं, ती गप्प.

“बघितलं नसेल तर राहू दे,” नेफिसे म्हणाली. “मला ठाऊक होतं, आईंनी कुणाला बघूच...”

“अगं, सांगा कुणीतरी!” झेलिहा मावशी एकदम ओरडली. तिचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. “नाहीतर मी सांगते. मी म्हातारी झाले, हे घेऊन कबरीत जायचं नाही मला. नेफिसे, आम्ही मोजलंय.”

“काय मोजलंत?”

“सगळं. अठरा ओळी, अठरा मंगळवार. तू आत तिची पाठ घासायचीस, आणि एकेक जण पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर यायची. बंडी खुंटीला असायची, पाठ बाहेर. एका खेपेला एकच ओळ, तेवढाच वेळ मिळायचा. रात्री माझ्या घरी येऊन प्रत्येकीनं आपापली ओळ विणायची.”

“प्रत्येकीनं? म्हणजे सगळ्या गावानं?”

“सगळ्या गावानं नाही गं,” गुल्दाने खालच्या आवाजात म्हणाली. “आपल्या गल्लीनं. आणि वरच्या गल्लीनं थोडं.”

नेफिसेला हसावं की रागवावं कळेना. “मग कुणाच्या अंगावर कशी दिसली नाही?”

“काय बोलतेस! तिच्यासमोर घालायची? जीव नकोसा झालाय का? पोरींना दिल्या. लांब दिलेल्या पोरींना. हे बघ.” गुल्दानेनं फोन पुढे केला. त्राब्झोनला दिलेली तिची लेक सेव्दा, समुद्राकडे तोंड करून उभी. पाठीवर झाड. गुलाबी रंगाचं, कृत्रिम धाग्याचं, कंबरेशी तोकडं, पण तेच झाड. “माझी त्राब्झोनला, हिची अंकाराला, झेलिहा मावशीची तर जर्मनीत बर्फ उपसते ती घालून. ह्या गल्लीतली कुठलीच पोर तुझ्या सासूच्या झाडाशिवाय लांब गेली नाही बघ.”

नेफिसेनं फोटो बोटांनी मोठा केला. जे झाड भोक होऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, ते कुठं कुठं उभं होतं! तिनं गुल्दानेचा हात धरला आणि गालाला लावला. “देव तुमचं भलं करो, चोरट्यांनो,” ती म्हणाली. मग सगळ्याच हसल्या आणि सगळ्यांनीच नाकं पुसली.

झेलिहा मावशी घरी जाऊन पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आली. आत पट्टीसारखा लांब नमुना गुंडाळून ठेवलेला, आणि सोबत न रंगवलेल्या तपकिरी लोकरीच्या चार लडी, तिच्या आईनं कातलेल्या. “ह्या कशासाठी ठेवल्या होत्या ते आज कळलं,” ती म्हणाली. “एक मात्र सांगते. अकरावी ओळ नेमकी नाही. अंदाजानं टाकलीय.”

“अंदाजानं का?”

“त्या मंगळवारी तू घडी घातलीस, बाई. बोचक्यात कोंबलीस. आठवतं? राहिलेली ओळ शेवटी घेऊ म्हटलं. अठरावी झाली आणि ऊन पडलं, मकबूलेनं बंडी पेटीत टाकली. पुढच्या हिवाळ्याला घराघरांत नळाला गरम पाणी आलं, मंगळवारच संपला. मग आम्ही सरळ खांब घालून मोकळ्या झालो.”

आठवत नसतं तर बरं, असं नेफिसेच्या मनात आलं.

पुढचे तीन दिवस ती विणत होती. जुन्या बंडीचे पुढचे भाग तिनं जपून उसवून ठेवले, फक्त पाठ नवी घातली, खांद्यापासून खाली. त्या तीन दिवसांत तिच्या घरची चूल कुणी पेटवली, सूप कुणी आणलं, धुणं कुणी वाळत घातलं, हे तिला नीट सांगता आलं नसतं. मान वर केली की एखादी शेजारीण झाडू मारताना दिसायची. झेलिहा मावशी पलंगाशी बसून मकबूलेबाईंची छाती कोमट तेलानं चोळायची. ज्या हातांनी तीस वर्षं गावाची अंगं घासली त्याच हातांनी खोकला थोडा उतरवला.

दहा ओळी भराभर झाल्या. शेंडा आला, वरच्या फांद्या आल्या. अकराव्या ओळीशी सुई अडली. नमुन्यात तिथं सरळ खांब होते, पण नेफिसेच्या डोळ्यांना ते पटेना. तिथं काहीतरी होतं. मूळ बंडीवर त्या जागी लोकरीचा गोळा आल्यासारखं काही दिसायचं, ती ते धुताना निपटायला बघायची आणि ते निघायचं नाही. तिनं चार वेळा विणलं, चार वेळा उसवलं. पाचव्यांदा सरळ खांब घातले आणि पुढं गेली. सासू श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येत होती. एका ओळीसाठी थांबायला वेळ नव्हता.

सोमवारी सकाळी तिनं बंडी पलंगावर ठेवली.

मकबूलेबाईंनी आधी बटणं चाचपली. ओळखीची निघाली. चेहरा सैल झाला. मग बंडी पालथी केली, डोळे मिटले आणि बोटं खांद्यापासून खाली निघाली. नेफिसे श्वास धरून बघत होती. बोटं शेंड्यावरून उतरली, फांदीवर गेली, परत आली. आणि थांबली.

“ही कुणी केली?”

नेफिसेला खोटं बोलता आलं असतं. आठ दिवस तेच तर चाललं होतं. “मी केली, आई. तुमची जळाली. माझ्या हातून जळाली. नमुना गल्लीतल्या बायकांनी दिला.”

मकबूलेबाईंनी डोळे उघडले नाहीत. बोट तिथंच होतं.

“अकरावी चुकलीय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चुकणारच. त्या मंगळवारी तू घडी घातलीस.”

नेफिसे पलंगाच्या कडेला बसली. “तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं?”

“मी काय आंधळी होते? पहिल्याच मंगळवारी साबण विसरला म्हणून बाहेर आले, तर झेलिहा खुंटीशी उभी राहून बोटांवर मोजतेय. तशीच मागे फिरले.” त्यांना खोकला आला, तो सरेपर्यंत थांबल्या. “रोटीवर हात ठेवला होता मी, आईसमोर. शिकवायचं नाही म्हणून. मोजू द्यायचं नाही असं काही आई बोलली नव्हती. मग बसले आत. उकडून मेले नुसती. मीही मोजत होते, एक मंगळवार, दोन मंगळवार. दहा झाले. अकराव्याला बाहेर येते तर ही बया घडी घालून मोकळी!”

“म्हणून तुम्ही तेवढं बोललात मला?”

“बोलले का? बोलले असेन.” त्यांनी डोळे उघडून सुनेकडे नीट बघितलं. आज वहिनी नाही, नर्सबाई नाही. “सगळ्या मोजून गेल्या. बंडी तुझ्या हातात असायची. दर मंगळवारी तुझ्याच हातात दिली. चाळीस दिवस तुझ्या पाठीवर घातली. तू एकदाही मोजलं नाहीस.”

“तुम्ही सांगितलं होतं, लेकीलाच द्यायचं. सगळ्यांसमोर.”

“सांगितलं होतं,” म्हातारी म्हणाली. “आणि तू ऐकलंस. बाकी कधी ऐकलं नाहीस, तेवढं ऐकलंस.” मग त्यांनी उशी सरकवली. “उठव मला. टेकून बसव. सुई आण.”

नेफिसेनं सुई दिली. मकबूलेबाईंनी धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं. सर्रकन अठरावी गेली, सतरावी गेली. तीन दिवसांचं काम डोळ्यांदेखत उसवत होतं, आणि नेफिसे निघालेली लोकर गुंडाळत होती. बारावी गेली. चुकलेली अकरावी गेली. मग त्या हातांनी, ज्यांना चमचा कसा धरायचा ते परवा आठवत नव्हतं, सुईत लोकर घेतली.

“बघ. मान वर करून बघ. इथं झाड फुटतं. इथं पाच खांब एकाच घरात, पण पुरे करायचे नाहीत, सुईवर अर्धे ठेवायचे. मग पाचही एकदम ओढायचे. असा गोळा येतो. घरटं आहे ते. दिसलं?”

“दिसलं, आई.”

“मग कर. दुसऱ्या फांदीवर तू कर.”

नेफिसेचं पहिलं घरटं चपटं झालं. “हे काय, डासानं बांधलंय?” म्हातारी म्हणाली. दुसरं बरं झालं. आभार मानायला नेफिसेनं तोंड उघडलं आणि ह्या वेळी सवड मिळाली नाही म्हणून सोडलं नाही. “चाळीस दिवस मला थंडी वाजली नाही, आई,” ती म्हणाली. “ते सांगायचं राहिलं होतं.”

“मला वाजली होती,” मकबूलेबाई म्हणाल्या. “पुढची ओळ घे.”

बुधवारी बंडी अंगात चढली. बाई उठल्या. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत आणि तिथं थांबायचं नाव घेईनात. “आज गुरुवार ना? गुल्दानेकडे.” जेव्हातनं एका हाताला धरलं, नेफिसेनं दुसऱ्या. शाल पुढे केली तर हातानं बाजूला सारली.

गुल्दानेच्या घरात त्या शिरल्या तेव्हा सगळ्या बायका चोर पकडल्यासारख्या उठून उभ्या राहिल्या. झेलिहा मावशीनं घाईघाईनं भिंतीकडची गादी झटकली. मकबूलेबाईंनी गादीकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध एक स्टूल होतं, चहाचं तबक ठेवायचं. नेफिसेनं तबक उचललं, आणि त्या स्टुलावर बसल्या. मागे वळून बघितलं नाही.

“बसा,” त्या म्हणाल्या. “अकरावी राहिली होती ना तुमची? मोजा आता.”

मग झेलिहा मावशी गुडघ्यांवर रांगत जवळ आली, चष्मा पुसला आणि झाडाजवळ नाक नेलं. तिची बोटं हलायला लागली. मागोमाग गुल्दानेची, मग एकेकीची. पाचव्या खांबाशी सगळ्याच अडकल्या.

“हा गोळा कसा काढलाय, मकबूले?” झेलिहा मावशीनं विचारलं.

म्हातारीनं डोळे मिटले होते. एवढ्या चालण्यानं ती थकली होती. “मला नका विचारू. मी दमले,” ती म्हणाली. “माझ्या लेकीला विचारा. ती काय, तबक घेऊन उभी आहे.”

सगळ्यांनी नेफिसेकडे बघितलं. तबकातले पेले किणकिणायला लागले, चहा बशांत सांडला. गुल्दानेनं उठून तबक तिच्या हातातून काढून घेतलं. नेफिसे सासूच्या पाठीमागे जमिनीवर बसली आणि तिनं घरट्यावर बोट ठेवलं.